देव्हारा आणि फडताळ

रामायण पुन्हा एकदा पडद्यावर येऊ घातले आहे. नितेश तिवारी यांच्या दिग्दर्शनाखाली ते दोन भागांत निघावयाचे असून पहिला भाग २०२६ च्या आणि दुसरा २०२७ च्या दिवाळीत प्रदर्शित व्हावयाचा, असे निर्मात्यांनी जाहीर केले आहे. आणि ज्या कथेचा शेवट आबालवृद्धांस तोंडपाठ आहे तिच्या पुनरागमनाची वाट इतक्या उत्कंठेने पाहिली जावी, हा आपल्या लोकस्वभावातील एक चमत्कारच म्हटला पाहिजे. या उत्कंठेबरोबर एक नवी हौसही दिसू लागली आहे. रामायण-महाभारतातील पात्रांच्या, कारागिरांनी हाताने घडविलेल्या पुतळ्या विकत घेऊन त्यांचा संग्रह करावयाचा, अशी ही हौस. या पुतळ्या म्हणजे जत्रेतील बाहुल्या नव्हेत. मूळ आकृती मातीत घडवावयाची, तिचा साचा करावयाचा, त्यात राळ ओतून प्रत काढावयाची आणि मग एकेका प्रतीवर बारीक कुंचल्याने दिवसचे दिवस रंगकाम करीत बसावयाचे, अशी ती मेहनत असते. जटायूच्या पंखातील पीस न् पीस वेगळे दिसते, दशाननाच्या दहा मुखांवर दहा निरनिराळे विकार उमटलेले असतात, आणि इतक्यांपैकी हा अमुकावा जिन्नस, असा दाखलाही खरेदीबरोबर हाती पडतो.

या हौसेत निंद्य असे काही नाही. रूपाचे आकर्षण हे मनुष्याच्या थोर आकर्षणांपैकी एक आहे, आणि ज्याला ते नाही त्याला सगुणाची वाट कधी उमगेल असे मला वाटत नाही. अडचण निराळीच आहे. एका घरात जी आकृती देव म्हणून पुजिली जाते तीच दुसऱ्या घरात शोभेची वस्तू असू शकते काय? आणि दैवयोगाने एकाच घरात ती दोन्ही होऊन बसली, तर त्या घराने कोणाचे म्हणणे मान्य करावे?

असे एक घर माझ्या माहितीचे आहे. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात किल्लारी हे गाव. भूकंपानंतर वसविलेल्या नव्या किल्लारीत या कुटुंबाची तिसरी पिढी आता मिळवती झाली आहे. त्यातील नातवाने आपल्या पगारातून थोडेथोडे बाजूला टाकून काचेचे एक फडताळ सजविले, आणि त्यात वीतभर उंचीचा कोदंडधारी राम, द्रोणागिरी उचललेला मारुती, जटायू आणि रावण अशी मंडळी ओळीने उभी केली. एका एकादशीस आजीने काच सरकवून रामाच्या कपाळी कुंकू लावले आणि पायांशी तुळशीचे पान ठेवले. संध्याकाळी परतलेल्या नातवाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “आजी, हा देव नाही, शोभेचा आहे, रंग उडाला की किंमत जाते याची.” आजीने विचारले, “राम हाय का न्हाई त्यो? मग?” यापुढे दोघांपैकी कोणालाच काही सुचले नाही, आणि प्रकरण निवाड्यासाठी माझ्यासारख्या रिकाम्या माणसाकडे आले.

नातवाची बाजू वरकरणी वाटते तितकी पाखंडी नाही. शास्त्र पुष्कळसे तिच्याच बाजूने आहे. भाद्रपदाच्या आरंभी गणपतीच्या बाजारात आपण जी घासाघीस करतो, या मूर्तीची सोंड तिरकी आहे, त्या मूर्तीचे डोळे लहान आहेत, म्हणून जी नापसंती दर्शवितो, तिच्यात कोणाला देवाची विटंबना दिसत नाही; कारण प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती आहे आणि तिचा भाव करणे हा खरेदीदाराचा हक्क आहे. भागवताच्या एकादश स्कंधात उद्धवाला पूजाविधी सांगताना श्रीकृष्णाने प्रतिमेचे आठ प्रकार मोजले आहेत: पाषाणाची, काष्ठाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनात कल्पिलेली. ज्या पंक्तीत रत्न आहे तिच्याच पंक्तीत वाळू आणि मन बसविलेले पाहून मूल्याविषयीच्या आपल्या कल्पना थोड्या डळमळतात, पण त्याहून मार्मिक आहे तो पुढचा तपशील. स्थिर प्रतिमेला आवाहन-विसर्जन नाही. अस्थिर प्रतिमेच्या बाबतीत ते ऐच्छिक आहे. आणि भूमीवर आखलेल्या स्थंडिलाला मात्र दोन्ही आवश्यक आहेत. पैठणच्या एकनाथांनी याच स्कंधावर ओवीबद्ध टीका लिहून शके १४९५ मध्ये काशीस ती पुरी केली, तेव्हा ज्यांना संस्कृतचा दरवाजा बंद होता त्या आमच्या गोदातीरीच्या कुणब्या-उदम्यांच्या कानीही हा विवेक पडला.

कायद्याचे म्हणणे यापेक्षा फारसे निराळे नाही. १९२५ साली प्रमथनाथ मलिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मलिक या कलकत्त्याच्या एका घराण्यातील खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला की, प्रतिष्ठित मूर्ती ही कोणाची जंगम मालमत्ता नव्हे. ती कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे आणि आपण कोठे राहावे याविषयी तिलाही इच्छा असते, जी तिच्या वतीने कोणी तरी मांडली पाहिजे. लंडनमध्ये बसलेल्या न्यायाधीशांनी हे लिहावे यात एक मौज आहेच. पण मौज बाजूला ठेवली तरी भेद स्वच्छ दिसतो. फडताळातल्या रामावर नातवाचा ताबा आहे. देव्हाऱ्यातल्या रामावर कोणाचाच ताबा नसतो. असते ती फक्त सेवेची वहिवाट.

येथवर नातू जिंकल्यासारखा दिसतो. परंतु शास्त्र काय आणि कायदा काय, दोघेही एक क्रम गृहीत धरून चालतात: आधी रूप, मग विधी, आणि विधीनंतर देवत्व. आजीच्या मनात हा क्रमच नाही. नरसीच्या शिंप्याच्या पोराने, नैवेद्याचे दूध विठ्ठल का पीत नाही म्हणून हट्ट धरला, ही कथा जिने लहानपणापासून ऐकली आहे तिला प्रतिष्ठेचा मुहूर्त विचारण्यात अर्थ नाही. आणि ज्या मुलखात ती वाढली त्या मुलखाची चाल पाहिली म्हणजे तिचे म्हणणे भाबडे आहे, असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या म्हणतात. लोकांच्या तोंडी ती येळवस. या दिवशी शहरे ओस पडतात, जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात, आणि वकील, कारकून, दुकानदार, ज्याचे त्याचे पाय कोणाच्या ना कोणाच्या शेताकडे वळतात. रब्बीची ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, अशा वेळी शेतात कडब्याची कोप उभारावयाची, तिच्यात पाच धोंडे मांडावयाचे, त्यांना चुना आणि काव लावावयाची, आणि ते पाच पांडव झाले असे समजून त्यांची पूजा करावयाची. मग बिंदग्यातली आंबील, भज्जी, उंडे, खीर असा नैवेद्य, आंबिलीचे शेतभर शिंपण, आणि जो कोणी बांधावरून जाईल त्याला हाताला धरून पंक्तीला बसविणे. हे पांडव मी अनेकदा पाहिले आहेत. त्यांना नाक-डोळे नाहीत, गदा-धनुष्य नाही. भीम कोणता आणि नकुल कोणता, असे विचारले तर घरचे पोर सर्वांत थोराड धोंड्याकडे बोट दाखवून मोकळे होते, आणि बाकीच्या चौघांविषयी कोणाचाच आग्रह नसतो. महाभारताएवढ्या प्रचंड कथेतील पाच नायक, ज्यांच्या एकेका गुणावर पंडितांनी ग्रंथ लिहिले, ते येथे नुसत्या संख्येवर ओळखले जातात. पाच आहेत म्हणून पांडव आहेत. आणि पांडव आहेत म्हणून पहिला घास त्यांचा. सादृश्य हा मूर्तीचा प्राण आहे, असे मानणाऱ्या प्रत्येक कलामीमांसकाला एकदा येळवशीस औशाच्या शिवारात आणून बसवावे, असे मला फार वाटते. जेवणही उत्तम होईल.

दुसरे दिवाळीचे. पाडव्याच्या सुमारास मराठवाड्यातील बायका दारापुढे शेणाच्या गवळणी आणि शेणाचे पांडव करतात. बोटाएवढ्या त्या आकृत्यांवर झेंडूच्या पाकळ्या खोचतात, त्यांच्यापुढे सगळे गोकुळ उभे करतात, आणि सण सरला की शेणाचे पुन्हा शेण होते. तिसरी गोष्ट भाद्रपदातील महालक्ष्म्यांची. अनुराधा नक्षत्रावर त्या यावयाच्या, ज्येष्ठावर जेवावयाच्या आणि मुळावर जावयाच्या. पण त्यांचे मुखवटे, पितळी असोत वा मातीचे, पिढ्यान्‌पिढ्या घरच्या पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेले असतात, सासूकडून सुनेकडे वारसाहक्काने येतात, आणि त्या तीन दिवसांत त्यांच्यापुढे जी आरास मांडतात तिच्यात घरातल्या पोरांची खेळणीसुद्धा बिनदिक्कत बसविलेली असतात. देव आणि खेळणे एकाच पाटावर. महालक्ष्म्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

या तिन्ही चाली एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट माझ्या ध्यानात येते. शेण मातीत जाते, धोंडे शेतातच पडून राहतात, मुखवटे पेटीत परततात. म्हणजे वस्तूचे काय करावयाचे याविषयी आमच्या लोकांचा एक असा नियम नाही. नियम आहे तो सान्निध्याचा. देव येतो, त्याला यावयास सांगितलेले असते. देव जातो, त्याला जाऊ दिलेले असते. आणि या दोहोंच्या मध्ये जी मुदत असते तिच्यात तो पाहुण्यासारखा घरात राहून घरच्यांवर काही बंधने घालतो. त्याच्याआधी जेवावयाचे नाही, त्याच्यासमोर भांडावयाचे नाही, त्याची रात्रीची समई विझू द्यावयाची नाही. माझ्या मते मूर्ती आणि पुतळी यांतला खरा भेद हाच. तो मालात नाही, कारागिरीत नाही, किमतीत तर नाहीच नाही. तो मुदतीत आहे. फडताळातल्या रामाला कोणी ये म्हटलेले नाही, म्हणून जा म्हणण्याचा प्रसंग येत नाही. तो वर्षानुवर्षे तेथे असतो आणि एक दिवसही आलेला नसतो.

मुदत तीन दिवसांचीच असली पाहिजे असे मात्र नाही. आमच्या भागात लिंगायतांची वस्ती मोठी आहे. त्यांचे इष्टलिंग देव्हाऱ्यातही नसते आणि फडताळातही नसते. दीक्षेच्या वेळी मिळालेले ते लिंग मनुष्य आयुष्यभर अंगावर वागवितो, तळहातावर घेऊन पुजितो, आणि देहाबरोबर ते मातीत जाते. तेथे मुदत आयुष्याएवढी आहे. पण ती आहे. दुसऱ्याचे इष्टलिंग जमविण्याची कल्पनासुद्धा कोणाला शिवणार नाही, आणि एकाला एक पुरे असते. संग्रह या कल्पनेचा इतका संपूर्ण अभाव मला दुसरीकडे कोठे आढळला नाही.

पडद्याविषयी बोलावयाचे तर, पडद्यावरचा देव या हिशेबाने फडताळापेक्षा येळवशीला जवळचा ठरतो. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहना’त पडद्यावर राम दिसू लागला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढीत, असे सांगतात, आणि गंमत अशी की त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके नावाच्या एकाच नटाने केल्या होत्या, हे ठाऊक असूनही वहाणा निघत. १९५५ च्या चैत्रात पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्यास एक नवे गीत, या नेमाने ते चालले. त्यानंतर २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी रामानंद सागरांचे रामायण. तेव्हा मराठवाड्यातल्या खेड्यांत दूरदर्शनचा संच एखाददुसऱ्या घरी असे. अंघोळी उरकून सगळी आळी तेथे जमे, संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत, आणि भाग संपला की कळ फिरवून तो बंद करीत. कोणी सुशिक्षिताने या हारावर हसावे, पण आवाहन, पूजन आणि विसर्जन यांचा इतका नेमका क्रम पुष्कळ देवळांतही पाळला जात नाही. आणि २०२० च्या मार्चमध्ये, साथीच्या भयाने देवळांची दारे लागली असता, २८ तारखेपासून तेच रामायण पुन्हा दाखवू लागले, तेव्हा जो गेला होता तोच येऊ शकतो, ही गोष्ट घराघरांत कळून आली. नटाचा चेहरा देवाला चिकटतो आणि मग कारागीरही त्याच चेहऱ्याच्या पुतळ्या घडवितात, हा आक्षेप खरा आहे. पण तो रविवर्म्याच्या छापखान्याइतका, म्हणजे १८९४ इतका, जुना आहे आणि रामाला त्याची सवय झाली असावी.

विसर्जनाची एवढी थोरवी किल्लारीच्या संदर्भात गाताना मात्र लेखणी जपून चालवावी लागते. १९९३ च्या अनंत चतुर्दशीस, २९ सप्टेंबरला, गणपती बोळवून गावे उशिरा निजली. आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हलली. दख्खनचे हे पठार भूकंपापासून निर्भय आहे असे तोवर समजत. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मेली आणि बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. मारले ते घरांनी. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या हात-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, त्यांवर सागवानी तुळया, आणि तुळयांवर माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्या माळवदावर वर्षानुवर्षे चढविलेले मातीचे थर. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती त्या पहाटे निजलेल्यांवर आली.

आदल्या सायंकाळी मातीची मूर्ती पाण्यात सोडली आणि पहाटे मातीची घरे पडली, हा योगायोग इतका डोळ्यांत भरणारा आहे की त्याचा अर्थ लावण्याचा मोह कोणालाही व्हावा. कीर्तनकाराला तर तो आयताच दृष्टान्त आहे: सर्व काही विसर्जनाकडेच चालले आहे, घर काय नि मूर्ती काय. मी हा दृष्टान्त त्याज्य मानतो. विसर्जन ही संमतीने केलेली गोष्ट असते. तिच्यात पाठवणी असते, पुढच्या वर्षी लवकर येण्याची विनवणी असते, पाणवठ्यावर वाटलेली खिरापत असते. किल्लारीत त्या पहाटे कोणी कोणाला निरोप दिला नाही. जे बळाने हिरावून नेले त्याला विसर्जन म्हणणे म्हणजे दरोड्याला दानपत्र म्हणणे होय. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला तेव्हा, अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ही ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजींनी जाहीरपणे म्हटले. निसर्गाच्या उत्पाताला नीतीचा हुकूम समजू नये, असा रवींद्रनाथांनी त्यास विरोध केला. आणि गांधीजींनी तो विरोध आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापून वर उत्तरही दिले. दोघेही मोठे आणि गांधीजींचा हेतू तर अत्यंत पवित्र. तथापि या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूस आहे. पापाची शिक्षा म्हणून भूकंपाकडे पाहिले की ज्यांची मुले गेली त्यांच्या अंगावर आपण आणखी एक भिंत पाडतो.

आणि येथे माझ्या मनात संग्रहाविषयीचा आदर पुन्हा जागा होतो. त्या आजीच्या घराण्याचे टाक, म्हणजे कुलदैवताचे आणि घरातल्या वीरांचे चांदीचे ठसे, जुन्या घराच्या देवळीत होते; ते देवळीबरोबर गेले. नव्या घरातील देव बाजारातून आणलेले आहेत. ज्याला सर्व काही सोडून द्यावे लागले आहे त्याला, सोडण्यातच मुक्ती आहे, हे तत्त्व ऐकविण्याचा अधिकार कोणाला पोचतो? ठेवण्याचाही एक धर्म आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, बाहुल्या, दौती, पैठणी चित्रे, असे जे प्रचंड वस्तुभांडार आयुष्यभर खपून जमविले त्याला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. बापाच्या शोकाने फडताळाचा आश्रय घेतला आणि त्यातून सर्वांसाठी एक संग्रहालय झाले. धाराशिवजवळच्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून निघणाऱ्या मृण्मय मूर्ती, मणी, नाणी, खापरे, लोक ज्यांकडे ढुंकूनही पाहत नसत असे जिन्नस, वेचून सांभाळले. आज ते सरकारी वस्तुसंग्रहालयात त्यांच्याच नावाने आहेत.

त्यातली एक हस्तिदंती बाहुली जगभरच्या विद्वानांस परिचित आहे, कारण तिची बहीण शोभावी अशी दुसरी, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात, १९३८ साली सापडली. सातवाहनांच्या काळी तेरचा, म्हणजे तगराचा, व्यापार रोमपर्यंत चालत असे. भोकरदनलाही याच घडणीचा अवशेष मिळाला आहे. पाँपेईची ती मूर्ती निघाली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटले; पुढे कोणी यक्षी म्हटले; माथ्यावरील भोकावरून कोणी असेही म्हटले की, ती आरशाची किंवा एखाद्या सामानाची मूठ असावी. हा वाद आजही मिटलेला नाही, आणि मिटण्याचे साधनही उरलेले नाही. कारागिरी शाबूत आहे, हस्तिदंत शाबूत आहे, केसांची वेणी आणि पायांतली वाळी मोजता येतात. पण तिच्यापुढे कोणी हात जोडले की तिला हातात धरून कोणी भांग पाडला, हे त्या वस्तूला सांगता येत नाही. ते ज्यांना ठाऊक होते ती माणसे राखेखाली गेली.

म्हणून नातवाला मी असे सांगितले की, ते कुंकू पुसू नकोस. तुझा दाखला ही पुतळी कोणी घडविली आणि कितवी घडविली एवढेच सांगतो. ती कोणाच्या घरात होती आणि तेथे तिचे काय नाते होते, याचा लेखी पुरावा म्हणाल तर तो कपाळावरचा डाग हाच आहे, आणि शंभर वर्षांनी तुझा संग्रह कोणा जाणत्याच्या हाती पडला तर त्या डागासाठी तो चार पैसे अधिकच मोजील. आजीला सांगितले की, रामनवमीच्या दिवशी राम फडताळातून देव्हाऱ्यात आणावा, सूर्य माथ्यावर आला की जन्मकाळ करावा, सुंठवडा वाटावा, आणि दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांच्या मुखवट्याप्रमाणे त्याला परत जाऊ द्यावे. मधल्या दिवसांत तो शोभेचा आहे याबद्दल तिने मनात किंतु आणू नये. ही तडजोड दोघांनाही अगदी मनापासून रुचली असे म्हणवत नाही, पण दोघांनीही ती नाकारली नाही.

मुदतीचा हा माझा विचार रावणापाशी मात्र अडतो, आणि ती अडचण लपविण्यात हशील नाही. उत्तरेकडे दसऱ्याला ज्या रावणाचे दहन होते तोही हातांनीच घडविलेला असतो. बांबू, कागद आणि दारूकाम यांवर कारागीर आठवडेच्या आठवडे राबतात. त्याला आवाहन नाही, पूजा नाही, आणि तरी विसर्जन आहे, तेही अग्नीत आणि टाळ्यांच्या गजरात. याच्या अगदी उलट, अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्यात सांगोळा या गावी दशमुखी रावणाची दगडी मूर्ती आहे आणि गावकरी तिची भक्तिभावाने पूजा करतात. पुराणांच्या मते हा काही केवळ वेडगळपणा नव्हे. जय-विजय या वैकुंठाच्या द्वारपालांना शाप झाला आणि भक्तीने सात जन्म की वैराने तीन, असा पर्याय पुढे आला, तेव्हा लवकर परत जाता यावे म्हणून त्यांनी वैर पत्करले, आणि रावण हा त्या तिनांतील मधला जन्म. वैरानेही देवाचे अखंड स्मरण घडते, म्हणून वैरी हाही उपासकच, असे भागवतकारांचे मत आहे. हे मान्य केले तर फडताळातील रावणाला देव्हाऱ्याचा हक्क पोचतो. आणि मान्य केले नाही तर सांगोळ्याच्या लोकांना आपण चुकीचे ठरवितो, ज्यांच्या गावात पाऊल न ठेवता तसा निकाल देणे मला प्रशस्त वाटत नाही. तेव्हा रावणापुरता निर्णय मी तहकूब ठेवला आहे. नवमीस रामाची जागा रिकामी होईल त्या दिवशी तो मारुती आणि जटायू यांच्या सोबतीने काचेआडच राहावा, एवढीच तूर्त तजवीज केली आहे. पुढचा विचार चित्रपटाचे दोन्ही भाग पाहून झाल्यावर करता येईल.